दीपाच्या नजरेतला संजय

बासू चटर्जींच्या ‘रजनीगंधा’त (१९७४) अमोल पालेकरांचा संजय उशिरा येतो आणि ऑफिसातल्या बढतीचेच पुराण लावतो. मुंबईतला नवीन त्याच्याहून रुबाबदार. दीपाच्या नोकरीसाठी धावपळही तोच करतो. तरी मन संजयकडेच झुकते. साधेपणामुळे, असे मी समजत असे. मग एकदा नायक सोडून विद्या सिन्हांचाच चेहरा पाहत बसलो. संजयवर दीपा रुसते, चिडते, खळखळून हसते. नवीनसमोर मात्र त्याच्या एका शब्दाची वाट पाहत अवघडून बसते. मन्नू भंडारींची मूळ कथा दीपाच्या डायरीतून उलगडते. चित्रपटानेही तिचीच नजर धरली. संजय देखणा ठरतो तो त्या नजरेत. (नायिकेला शोभेपुरती उभी करणाऱ्यांचे नायक मला म्हणूनच कोरडे वाटतात.) शेवटी तो निशिगंधाची फुले घेऊन दारात येतो, तेव्हाही मी पाहतो तिच्याकडेच.