वारुळावरील अळिंबी जपा

पाथर्डी तालुका पर्जन्यछायेतला. गर्भगिरीच्या उतारांवर आणि गायरानांत कुसळी, पवना, मारवेल ही गवते वाढतात. याच माळावर वाळवीची वारुळे असतात. पावसाळ्यात चांगली ओल झाली की वारुळावर किंवा त्याच्या आसपास पांढरट भूछत्रे उगवतात. शास्त्रात या बुरशीला टर्मिटोमायसिस म्हणतात.

ही बुरशी वाळवीच्या घरातच वाढते. कामकरी वाळवी वाळलेले गवत व काडीकचरा खाऊन त्याच्या विष्ठेपासून वारुळाच्या पोटात स्पंजासारखी पोळी रचते. त्यावर बुरशी वाढते. वाळवीला सहज न पचणारा भाग ती कुजवते आणि वाळवी ते पोळे खाते. पावसाळ्यात याच पोळ्यातून लांब मुळासारखा दांडा वर येतो व छत्री उमलते. म्हणून धिंगरी अळिंबीसारखी ही भुश्श्यावर पिकवता येत नाही. वारूळ गेले की अळिंबीही गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिल्या पावसात उडणारी पंखांची वाळवी नवे वारूळ वसवते, पण बहुतेक जातींत ती बुरशी बरोबर नेत नाही. नव्या वारुळातील पहिल्या कामकऱ्यांना बाहेर पडलेले बीजाणू गोळा करून आणावे लागतात. सर्व छत्र्या उमलण्यापूर्वीच खुडल्या, तर बीजाणू येणार कोठून? गोव्यात पावसाळ्यात अशी अळमी रस्त्याच्या कडेला विकली जाते. बेसुमार काढणीमुळे तिच्या संवर्धनाची गरज गोवा विद्यापीठातील डॉ. नंदकुमार कामत यांनी वेळोवेळी मांडली आहे.

आपल्याकडे मोठा धोका जमिनीचा आहे. माळ 'पडीक' समजून नांगरला जातो, यंत्राने सपाट केला जातो. १९७९ साली सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील माळराने माळढोकासाठी अभयारण्य म्हणून घोषित झाली. जमिनीखालच्या बुरशीकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

वाळवी पिकाचे नुकसान करते, हे खरेच आहे. हीच वाळवी गहू, ऊस, भुईमुगात उपद्रव देते. म्हणून पुढीलप्रमाणे काळजी घ्यावी.

१. उपद्रव असलेल्या शेतातच बंदोबस्त करावा. कच्चे शेणखत टाळून चांगले कुजलेले वापरावे.

२. गायरानातील व माळावरील वारुळे फोडू नयेत, त्यांत औषध ओतू नये.

३. अळिंबी काढताना वारूळ खणू नये. निम्म्याहून अधिक छत्र्या पूर्ण उमलून सुकू द्याव्यात.

४. ओळख पक्की नसलेले भूछत्र कदापि खाऊ नये. गवतात उगवणारी, छत्रीखालचे पापुद्रे पुढे हिरवट होणारी विषारी जात सहज फसवते.

गायरान नांगरण्याचा विषय ग्रामसभेत निघाला, तर त्यावरील वारुळांची आठवण जरूर करून द्यावी. माळ एकदा मोडला, तर पुढील पावसात ही अळिंबी तेथे दिसणार नाही.