राजा नाही, रब्बी नाही, तरी धर्म टिकला

प्राचीन इस्राएलला शौल हा पहिला राजा मिळाला तो ख्रिस्तपूर्व अकराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी नुसती बेबंदशाही होती, असा समज बायबल वाचणाऱ्यांतही आढळतो. मराठी बायबलातल्या 'शास्ते' या पुस्तकात रक्तपात पुष्कळ आहे, हे खरं. पण तिथेच दबोरा ही स्त्री खजुरीच्या झाडाखाली बसून लोकांचे तंटे मिटवते. लोक गिदोनला पिढीजात सत्ता देऊ करतात, तेव्हा राज्य परमेश्वराचंच आहे असं सांगून तो ती नाकारतो. शास्ते म्हणजे फक्त न्यायाधीश, हेही खरं नाही. एहूद, गिदोन, इफ्ताह हे लढवय्ये होते. संकट आलं की असा माणूस पुढे येई. शमुवेल या शेवटच्या शास्त्याने मात्र आपल्या मुलांना शास्ते नेमलं, ती लाच खाऊ लागली आणि लोकांनी राजा मागितला. राजा तुमची मुलं रथांसाठी नेईल, शेतं आणि द्राक्षमळे घेईल, असं शमुवेलाने तेव्हाच बजावलं होतं.

राजा आणि धर्मपीठ नसताना श्रद्धा कशी तगते, हे पाहायला इतकं लांब जायची गरज नाही. आपलं कोकण त्याची साक्ष देतं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, असं बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाची परंपरा मानते. त्यांच्याकडे ना रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू होता, ना तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी. म्हणून ते धर्म विसरले होते, असं अनेकदा लिहिलं जातं. पण सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांनी जपली होती. गावोगाव तेलघाण्याचा धंदा करणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. ग्रंथ नसताना आठवड्याचा एक दिवस शतकानुशतकं न चुकवणं ही मला विलक्षण गोष्ट वाटते.

त्यांच्या काजींमुळेही घोटाळा होतो. हे काजी मुसलमान नव्हते. त्या काळच्या कोकणात रुळलेलं हे पदनाम समाजाने आपलंसं केलं. डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू पाहुण्याने तिघांना धर्मविधी शिकवून काजी केलं, असं परंपरा सांगते. ते लग्न लावत, सुंता करत आणि भांडणंही सोडवत. गावकीचा कारभार मुकादमाकडे असे.

मुंबईतलं बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १७९६ साली सॅम्युएल इझीकिएल दिवेकरांनी बांधलं. तेही रब्बी नव्हते, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी होते. इतका धर्म जपूनही, पुढे आधुनिक इस्राएल देशात स्थायिक झाल्यावर या लोकांच्या ज्यूपणावर तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली. त्यांनी मोर्चे काढले, धरणं धरलं, आणि १९६४ साली त्यांचं ज्यूपण पूर्णपणे मान्य झालं.