गोठलेल्या सरोवरावरील शर्यत : पँगाँग अर्धमॅरेथॉनचे नियोजन

पर्वतीय प्रदेशांच्या अर्थव्यवस्थेत पर्यटनाचे स्थान महत्त्वाचे असले, तरी ते प्रामुख्याने उन्हाळ्यापुरते मर्यादित असते. लडाखच्या सीमावर्ती गावांत हिवाळ्यात पर्यटकांची वर्दळ अत्यल्प होते व त्यावर अवलंबून असलेले उत्पन्न आटते. या पार्श्वभूमीवर, २० फेब्रुवारी २०२३ रोजी पँगाँग सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठभागावर लुकुंग ते मान अशी २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन प्रथमच घेण्यात आली. तीत ७५ धावपटू सहभागी झाले. गोठलेल्या सरोवरावर सर्वाधिक उंचीवर झालेली अर्धमॅरेथॉन म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली. पुढील वर्षीही फेब्रुवारीत ही स्पर्धा भरली.

भौगोलिक वैशिष्ट्ये

समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२२५ मीटर उंचीवरील हे सरोवर भारतापासून तिबेटपर्यंत सुमारे १३४ किलोमीटर पसरलेले आहे. पाणी खारे असूनही कडाक्याच्या थंडीमुळे ते हिवाळ्यात गोठते. या सरोवरातून कोणतीही नदी बाहेर पडत नाही. म्हणजेच ते अंतर्गत जलनिस्सारणाचे उदाहरण होय. बर्फावर राहिलेला कचरा वसंतात पाण्यात मिसळतो आणि वाहून न जाता तेथेच साचतो. त्यामुळे सहभागींची संख्या मर्यादित ठेवणे व सर्व कचरा परत नेणे हा नियोजनाचा गाभा ठरतो.

आयोजनातील आव्हाने

पहिले आव्हान विरळ हवेचे आहे. या उंचीवर वायुदाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असल्याने प्रत्येक श्वासासोबत मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. म्हणून धावपटूंनी सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे काही दिवस राहून शरीर हवामानाशी जुळवून घेणे व त्यानंतर वैद्यकीय तपासणी करून घेणे अपरिहार्य आहे.

दुसरे आव्हान बर्फाचे आहे. गोड्या पाण्याच्या स्वच्छ, टणक बर्फावरून पायी जाण्यासाठी साधारणतः किमान १० सेंटिमीटर जाडी आवश्यक मानली जाते. खाऱ्या पाण्याच्या बर्फात क्षारयुक्त द्रवाचे सूक्ष्म कप्पे राहत असल्याने तो तुलनेने कमकुवत असतो. त्यामुळे संपूर्ण मार्गावर ठिकठिकाणी छिद्रे पाडून जाडी मोजणे, भेगा चिन्हांकित करणे आणि बर्फ अपुरा असल्यास स्पर्धा रद्द करण्याची तयारी ठेवणे गरजेचे असते. हिमदंश व शरीराचे तापमान घटण्याचा धोका लक्षात घेऊन वैद्यकीय पथके, उष्ण पेये आणि बचाव वाहने मार्गालगत ठेवावी लागतात.

स्थानिक विकासाशी संबंध

लडाख स्वायत्त पर्वतीय विकास परिषद (लेह), जिल्हा प्रशासन, पर्यटन विभाग आणि साहसी क्रीडा संस्था यांच्या सहकार्यातून ही स्पर्धा सुरू झाली. पहिल्या स्पर्धेच्या पाच दिवस आधी, १५ फेब्रुवारी २०२३ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने उत्तर सीमेवरील गावांसाठी ४,८०० कोटी रुपयांचा ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ कार्यक्रम मंजूर केला होता. स्थलांतर रोखण्यासाठी गावातच उपजीविका निर्माण करणे, हा त्याचा एक हेतू. घरगुती निवासव्यवस्था, वाहतूक व भोजनसेवा यांतून हिवाळी स्पर्धा या हेतूस पूरक ठरू शकते.

निष्कर्ष

हवामानबदलाकडे लक्ष वेधण्यासाठी पहिल्या स्पर्धेस ‘अखेरची धाव’ या अर्थाचे नाव देण्यात आले होते. हिवाळे उबदार होत गेल्यास बर्फ उशिरा धरेल, लवकर वितळेल आणि स्पर्धेचा सुरक्षित कालावधी आक्रसेल. लोकप्रियतेमुळे वाहने व निवासांची संख्या वाढली, तर पर्यावरणावरील भारही वाढेल. म्हणून अशा उपक्रमाचे मूल्यमापन धावपटूंच्या संख्येवरून न करता, गावांना मिळालेले हिवाळी उत्पन्न आणि सरोवराची टिकलेली स्वच्छता या दोन निकषांवर करणे उचित ठरेल.