इतिहाससाधनांची संहिता आणि रेजेक्सची शिस्त

विषयाची व्याप्ती

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला; पुढे तिचे एकूण २२ खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि १९२७ मध्ये तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. अशा मुद्रित साधनांचे स्कॅन करून, ओसीआरने मजकूर काढून, त्यातील पत्रे, मित्या आणि स्थलनामे वेगळी करायची तर छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. तिचे मुख्य हत्यार म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजेच रेजेक्स. ही स्क्रिप्ट सुटसुटीत आणि विश्वासार्ह कशी ठेवावी, हा येथील विषय आहे.

रेजेक्सचे स्वरूप

रेजेक्स म्हणजे मजकुराच्या आकाराचे वर्णन करणारे सूत्र. या कल्पनेचा गणिती पाया स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात घातला. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मजकूर शोधण्यासाठी तिचा व्यवहार्य उपयोग दाखवला. `शके *([०-९]+)` या सूत्राचा अर्थ असा: ‘शके’ ही अक्षरे, त्यानंतर शून्य किंवा अधिक मोकळ्या जागा, त्यानंतर एक किंवा अधिक देवनागरी अंक. कंसात बसलेला भाग वेगळा टिपला जातो. सूत्राला शकाचा अर्थ कळत नाही; आकार तेवढा कळतो.

गुंता कसा वाढतो

स्क्रिप्ट सुरुवातीला आटोपशीर असते. पुढे एखादे पत्र निसटते म्हणून एक सूत्र जोडले जाते, दुसरे चुकीचे पकडले जाते म्हणून अपवाद जोडला जातो. कालांतराने एकाच सूत्रात ओसीआरची दुरुस्ती, पत्राची सीमा, मिती आणि गावाचे नाव असे सारे कोंबलेले आढळते. सूत्रांचा क्रम बदलला की निकालही बदलतो. यावर उपाय म्हणजे कामाचे टप्पे पाडणे: आधी एकरूपीकरण, मग विभागणी, मग टिपण आणि शेवटी पडताळणी. प्रत्येक टप्प्याला एकच काम असले, की चूक कोठे झाली ते लगेच सापडते.

पहिला टप्पा : एकरूपीकरण

डोळ्यांना सारखा दिसणारा मजकूर संगणकाला सारखा असतोच असे नाही. ‘कारभाऱ्यांस’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवला जातो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. युनिकोडचे प्रमाणीकरण या दोहोंना एक करत नाही; तो बदल स्वतंत्रपणे करावा लागतो. दंड (।) आणि कीबोर्डवरची उभी रेघ (|) यांचेही तसेच. मजकुरात दंडाऐवजी रेघ आली आणि तीच सूत्रात जशीच्या तशी उतरली, तर अर्थच पालटतो, कारण रेजेक्समध्ये त्या रेघेचा अर्थ ‘किंवा’ असा आहे. म्हणून असे सर्व बदल आरंभी, एकाच ठिकाणी करावेत. मूळ मजकूर मात्र न बदलता जपावा आणि शोधासाठी त्याची एकरूप प्रत वापरावी.

दुसरा टप्पा : पत्रांची विभागणी

संपादित साधनग्रंथांत पत्रांना बहुधा लेखांक दिलेले असतात. विभागणीला तोच आधार. `लेखांक.*शके` हे सूत्र येथे फसवे ठरते. तारकाचिन्ह जमेल तितका मजकूर गिळते. टिंबाला ओळ ओलांडण्याची मुभा दिली असेल, तर पहिल्या लेखांकापासून खंडातल्या शेवटच्या ‘शके’पर्यंतचा मजकूर एकच पत्र म्हणून हाती येतो. तारकेपुढे प्रश्नचिन्ह दिल्यास सूत्र पहिल्याच ‘शके’पाशी थांबते. पण एखाद्या पत्रात शक नसेल, तर ते पुढच्या पत्रात शिरून तिथला शक उचलते. म्हणून आधी ओळीच्या आरंभी येणाऱ्या लेखांकावर खंड तोडावा आणि नंतर प्रत्येक तुकड्यात स्वतंत्रपणे शोध घ्यावा.

तिसरा टप्पा : मिती आणि गाव टिपणे

पक्ष आणि तिथी यांसाठी `(शुद्ध|शु\.|वद्य|व\.) *([०-९]+)` एवढे पुरते. टिंबाआधीची तिरपी रेघ हे खरेच टिंब आहे असे सांगते. ती नसेल तर टिंबाच्या जागी कोणतेही अक्षर चालते. स्थलनामांत १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे अनुस्वार लक्षात घ्यावे लागतात. `जळगां?व` या सूत्रातले प्रश्नचिन्ह फक्त अनुस्वाराला लागते, त्यामुळे ‘जळगाव’ आणि ‘जळगांव’ दोन्ही सापडतात. सगळ्या मजकुरातून अनुस्वार काढून टाकणे हा मात्र घातक उपाय आहे. त्याने ‘गंगा’ची ‘गगा’ होते. विभक्तीमुळे ‘धुळे’चे ‘धुळ्यास’, ‘धुळ्याहून’ होते. तेव्हा मूळ नाव आणि सामान्यरूप दोन्ही सूत्रात हवीत.

देवनागरीची खास अडचण

पायथॉनच्या मूळ रेजेक्स संचात ‘शब्दातील अक्षर’ दर्शवणाऱ्या संक्षेपात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त बसत नाहीत. त्यामुळे ‘धुळे’ हा शब्द उकारापाशीच तुटतो. देवनागरीसाठी अक्षरांची मर्यादा स्वतः लिहून देणे हा खात्रीचा मार्ग आहे. अंकांचा संक्षेप पायथॉनमध्ये देवनागरी अंकही ओळखतो. जावास्क्रिप्टमध्ये तो फक्त इंग्रजी अंक ओळखतो. एका भाषेतले सूत्र दुसरीत नेताना ही बाब तपासलीच पाहिजे.

आकार आणि अर्थ

पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध ८ या मितीची. इंग्रजी तारीख १४ जानेवारी १७६१. शकात ७८ मिळवल्यास १७६० येते आणि उत्तर एका वर्षाने चुकते. शकवर्ष चैत्रात बदलते, इंग्रजी वर्ष जानेवारीत. म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. हा निर्णय सूत्राचा नव्हे. रेजेक्सने शक, मास, पक्ष आणि तिथी टिपून द्यावी. रूपांतर पंचांगाच्या कोष्टकावरून वेगळ्या कोडने करावे.

मर्यादा

संदर्भाशिवाय न सुटणारी संदिग्धता सूत्राने सुटत नाही. ‘जळगाव’ म्हणजे खानदेशातले की बुलढाणा जिल्ह्यातले जळगाव जामोद, हे शेजारची गावे आणि पत्रलेखक पाहूनच ठरते. एकात एक गुंतलेले कंसही साध्या रेजेक्सच्या आवाक्याबाहेर असतात. पुनरावृत्तीच्या आत पुनरावृत्ती लिहिली, तर न जुळणाऱ्या एखाद्या लांब ओळीवर स्क्रिप्ट कमालीची मंदावू शकते.

पडताळणी

स्वच्छ स्क्रिप्टची खरी खूण म्हणजे तिने न ओळखलेल्या मजकुराची यादी. शक न सापडलेली पत्रे, तुटलेले लेखांकांचे क्रम आणि १५ पेक्षा मोठ्या तिथी यांची नोंद प्रत्येक वेळी निघावी. निवडक पत्रे हाताने वाचून त्यांची अपेक्षित उत्तरे नमुना म्हणून जपावीत आणि सूत्र बदलताच सारे नमुने पुन्हा चालवावेत. साधनांच्या अभ्यासात गाळलेली नोंद चुकीच्या नोंदीइतकीच दिशाभूल करते. म्हणून जे जुळले नाही ते अभ्यासकापुढे ठेवणे, हे जुळलेले टिपण्याइतकेच स्क्रिप्टचे कर्तव्य आहे.