धुळीआडचे कृष्णविवर

खळ्यावर उफणणी चालू असली की भुसकटाच्या धुळीपलीकडचा माणूस दिसत नाही. पण त्याची हाक ऐकू येते, आणि हाकेवरून माणूस ओळखता येतो. आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांनाही कधी कधी हेच करावे लागते.

आपली आकाशगंगा ही ताऱ्यांची एक वसाहत, म्हणजे दीर्घिका. अशा असंख्य दीर्घिका आहेत. काहींत नवे तारे फार झपाट्याने जन्मतात, आणि तिथे धूळही दाट असते. त्या धुळीआड कृष्णविवर असले तर ते शोधायचे कसे? त्याची ओढ इतकी जबर, की प्रकाशदेखील बाहेर पडत नाही. मात्र त्यात पडणारा वायू भोवऱ्यासारखा गरगरतो, तापतो आणि क्ष-किरण व रेडिओलहरी सोडतो. रेडिओलहरी धुळीतून आरपार येतात. जुन्नर तालुक्यात खोडदजवळच्या तबकड्या अशाच लहरी टिपतात.

पण इथे एक मेख आहे. मोठे तारे स्फोट होऊन मरतात, आणि त्यांचे अवशेषही क्ष-किरण व रेडिओलहरी सोडतात. मग हाक कुणाची?

हेनाइझ २-१० या छोट्या दीर्घिकेबाबत हाच वाद झाला. ती सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे, आणि तिच्यात आपल्या आकाशगंगेच्या दहावा हिस्साच तारे आहेत. २०११ साली एमी राइनेस या संशोधक बाईंनी तिच्यात कृष्णविवर असल्याचे सांगितले. अमेरिकेतील रेडिओ दुर्बीण आणि अवकाशातील चंद्रा दुर्बीण, दोहोंना एकाच जागेवरून खूण मिळाली होती. इतरांचे म्हणणे पडले, की हा मेलेल्या ताऱ्याचा अवशेष असेल.

निकाल लागायला ११ वर्षे गेली. २०२२ साली झॅकरी शुट आणि राइनेस यांनी हबल दुर्बिणीतून वायूचा वेग तपासला. त्या जागेपासून वायूचा एक पट्टा सुमारे २३० प्रकाशवर्षे लांब गेलेला आढळला. वायूच्या वेगातले ठरावीक चढउतार ताऱ्याच्या स्फोटाशी जुळेनात. कृष्णविवराजवळून सुटलेल्या झोताशी मात्र जुळले.

आणखी नवल म्हणजे, हा वायू जिथे दाट ढगावर आदळला होता, तिथे नवे तारे जन्मत होते. पूर जमीन खरवडतो, तसा कुठे गाळही देऊन जातो. गिळणारे म्हणून बदनाम असलेल्या कृष्णविवरानेही इथे ताऱ्यांच्या जन्माला हातभार लावला.