टेलिफोन कोणीं उचलावा?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील धारूर, वडवणी, पाटोदा या भागांतील कितीतरी कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे जातात. मागें गांवांत राहतात तीं म्हातारीं माणसें. अशी एक म्हातारी बीडच्या एखाद्या मोठ्या दवाखान्यांत आहे, आणि तिचा मुलगा दूरच्या फडांतून तिची प्रकृति विचारण्यासाठीं टेलिफोन करीत आहे, अशी कल्पना करावी. तोडणी पहांटेस सुरू होते. त्यास सवड मिळते ती रात्रीं. त्या वेळीं दवाखान्याची कचेरी बंद असते. घंटा रिकाम्या खोलींत वाजत राहते, आणि मुलगा मनांत नको तें आणतो. आलेला टेलिफोन कोणाच्या मेजावर वाजावा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

पूर्वीं हा निर्णय माणूस करीत असे. १८८२ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें टेलिफोन एक्स्चेंजें सुरू झालीं, तेव्हां प्रत्येक संभाषण ऑपरेटर आपल्या हातानें जोडून देई. परंतु माणसाबरोबर माणसाचे दोषहि आले. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें आल्मन स्ट्रोजर नांवाचा एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा करीत असे. आपलीं गिऱ्हाइकें ऑपरेटर दुसऱ्या दुकानाकडे वळविते, असा त्यास संशय आला, अशी कथा सांगतात. त्यानें ऑपरेटरशिवाय चालणारी योजना शोधून काढली. १८९१ सालीं त्यास पेटंट मिळालें, आणि १८९२ सालीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट गांवीं तसें एक्स्चेंज चालूं झालें. यंत्र पक्षपात करीत नाहीं, हें खरें. पण त्यास तारतम्यहि नसतें. तें आधींच नियमांच्या रूपानें त्याच्या स्वाधीन करावें लागतें.

दवाखाना असो, बँक असो, कीं मोंढ्यावरील अडतीची पेढी असो, हे नियम ठरवितांना चार प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात. पहिला प्रश्न वेळेचा. कचेरीच्या वेळेंत टेलिफोन एकाकडे जावा, रात्रीं व सुटीच्या दिवशीं दुसऱ्याकडे. दुसरा विषयाचा. ‘चौकशीसाठीं एक दाबा, बिलासाठीं दोन दाबा’ असें यंत्र सांगतें तें याकरितांच. हें सांगणें मराठींत असावें, पर्याय तीन-चारांहून अधिक नसावेत, आणि कांहींच न दाबणाऱ्यास आपोआप माणसाशीं जोडून द्यावें. तिसरा प्रश्न क्रमाचा. घंटा सर्व मेजांवर एकदम वाजावी, कीं एकानें न उचलल्यास दुसऱ्याकडे जावी? क्रम ठेवल्यास थांबण्याची मर्यादा ठरवावी लागते. आपल्याकडे करणाऱ्याच्या कानीं पडणारी दुहेरी घंटा सुमारें तीन सेकंदांनीं पुन्हां येते. म्हणजे वीस सेकंद थांबणें म्हणजे जवळजवळ सात घंटा ऐकणें होय. असे तीन टप्पे ठेवले, तर पूर्ण मिनिट निघून जातें. चौथा प्रश्न शेवटाचा. कोणीच न उचलल्यास काय? येथेंच चूक फार होते. कचेरीचा टेलिफोन वॉर्डाकडे आणि वॉर्डाचा पुन्हां कचेरीकडे वळविलेला असतो; दोघेहि निर्धास्त, आणि करणारा मात्र मध्येंच अडकलेला!

माणसें किती बसवावीं, यासहि गणित आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील एर्लांग या गणितज्ञानें १९०९ पासून त्याचा पाया घातला. समजा, गर्दीच्या तासांत तीस टेलिफोन येतात व प्रत्येक सरासरी चार मिनिटें चालतो. एकूण बोलणें दोन तासांचें झालें. म्हणून दोन माणसें पुरतील असें वाटतें. पण टेलिफोन रांगेनें येत नाहींत, एकदम येतात. दोनच माणसें ठेवल्यास रांग वाढतच जाईल. एर्लांगच्या सूत्राप्रमाणें तीन माणसें ठेवल्यास शंभरांपैकीं सुमारें चव्वेचाळीस जणांस थांबावें लागतें, आणि चार ठेवल्यास सुमारें सतरा जणांस. एका माणसानें येवढा फरक पडतो.

जेथें जिवाचा प्रश्न असतो, तेथें नियम अगदीं साधा हवा. महाराष्ट्रांत २०१४ सालीं सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेची रचना पाहण्यासारखी आहे. बीड जिल्ह्यांतून केलेला टेलिफोनहि पुण्यांतील केंद्रांत जावा, तेथें माणसानें तो घेऊन ठिकाण व आजार विचारावा, आणि जवळची गाडी निघावी, अशी ती योजना आहे. ‘एक दाबा, दोन दाबा’ हा घोळ अशा प्रसंगीं नसावा, हें उघड आहे.

नियम कागदावर बरोबर असले म्हणजे काम झालें, असें नव्हे. चालकानें रात्रीं दहा वाजतां व रविवारीं दुपारीं बाहेरच्या टेलिफोनवरून, आपली ओळख न देतां, स्वतःच्याच संस्थेस टेलिफोन करून पाहावा. सणावारीं व कोणी रजेवर गेला असतां पुन्हां पाहावा. नियम बहुधा कचेरींत बसणाऱ्याच्या सोयीनें ठरतात. ते टेलिफोन करणाऱ्याच्या दिनक्रमाप्रमाणें तपासावेत. मग रात्रपाळीची परिचारिका टेलिफोन उचलील, “आई जेवल्या, आतां झोंपल्या आहेत,” असें सांगेल, आणि फडावरचा मुलगा पहांटेच्या तोडणीआधीं चार घटका स्वस्थ झोंपेल.