व्हीलचेअरही मापाचीच हवी

व्हीलचेअर घरी आली की प्रश्न सुटला, असे अनेक कुटुंबांना वाटते. पण दिवसाचे आठ-दहा तास बसायचे असेल, तर ती चपलेसारखी मापाची हवी. मापात चूक झाली तर पाठ वाकते, खांदे दुखतात आणि सततच्या दाबाने जखमा होतात. मणक्याच्या दुखापतीमुळे संवेदना गेली असेल, तर जखम झाल्याचे कळतही नाही.

सुरुवात कंबरेपासून करावी. कंबर पाठीमागच्या आधाराला टेकलेली आणि दोन्ही बाजूंनी सारख्या उंचीवर हवी. ती घसरली की वरचा कणा आणि मानही वाकते. सीटचे कापड झोळीसारखे सैल झाले असेल, तर कंबर हमखास कलते.

घरी तीन गोष्टी पाहा. नितंबांच्या दोन्ही बाजूंना फार तर बोटभर जागा असावी. गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यांत दोन बोटे मावावीत. पावले फूटरेस्टवर पूर्ण टेकावीत आणि मांड्या गादीवर सपाट राहाव्यात. फूटरेस्ट फार खाली असेल तर शरीर पुढे घसरते. फार वर असेल तर सगळा भार बसण्याच्या हाडांवर येतो.

खुर्ची मापाची असली तरी दर 15 ते 30 मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून भार हलका करावा. भोक असलेली रबरी रिंग वापरू नये. तिच्या कडेने रक्तप्रवाह अडतो. रोज रात्री त्वचा तपासा. न जाणारा लाल किंवा काळसर डाग दिसला, तर त्यावर बसणे थांबवून डॉक्टरांना दाखवा आणि फिजिओथेरपिस्टकडून खुर्चीचे माप पुन्हा तपासून घ्या.